जुनी पिकअप गाडी विकत घेतांना

भाजीपाला, फळें, दूध, कांदा असा माल पिकविणाऱ्या शेतकऱ्यास आपला माल आपल्या सोयीनें बाजारास नेतां यावा असें वाटणें साहजिक आहे. भाड्याच्या टेंपोची वाट पाहण्यांत टोमॅटो शेतांतच लाल होतो आणि मेथीची जुडी कोमेजते, हा अनुभव प्रत्येक बागाईतदारास आहे. नव्या गाडीची किंमत झेपत नाहीं, म्हणून पुष्कळांची नजर आठ-दहा वर्षें वापरलेल्या लहान पिकअपकडे वळते. ह्यांत गैर कांहींच नाहीं. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी पुष्कळ वर्षें इमानानें काम देते. परंतु बैल घेतांना जो शेतकरी दांत पाहतो, खूर उचलतो, चार पावलें चालवून पाहतो आणि गांवांतल्या जाणत्यांस विचारतो, तोच गाडी घेतांना ताजा रंग व नवें सीट पाहून विसार देऊन मोकळा होतो, असें आमच्या पाहण्यांत आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जुन्या गाडींत दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्या मुळांत बिघडलेल्या असल्या तर मागाहून सुधारणें फार कठीण. एक तिचे कागद. दुसरा तिचा लोखंडी सांगाडा, ज्यास चॅसिस म्हणतात. इंजिन, क्लच, टायर, बॅटरी हीं सर्व पैसे खर्चून पुन्हां नवीं करतां येतात. म्हणून आधीं कागद, मग सांगाडा, आणि शेवटीं इंजिन, ह्या क्रमानें पाहावें. बाजारांत हा क्रम नेमका उलटा चालतो. विकणारा पहिल्यानें इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकवितो. उभें पीक पाहून जमीन घेऊं नये हें आपण सर्व जाणतों. तोच न्याय येथें लावावा.

गरज कोणती, तें आधीं ठरवावें

टाटा कंपनीनें २००५ सालीं बाजारांत आणलेली एस, जिला लोक छोटा हत्ती म्हणतात, ती दोन सिलिंडरची व सुमारें पाऊण टन मालाची गाडी. गांव ते तालुका अशा सपाट रस्त्यावर भाजी व दुधाचे कॅन नेण्यास ती काटकसरीची. भरल्या मालानें लांबचा घाट चढतांना मात्र ती दमते. महिंद्रा कंपनीची बोलेरो पिकअप चार सिलिंडरची, अडीच लिटर इंजिनाची. ती प्रकाराप्रमाणें सव्वा टन व त्याहून अधिक माल नेते. पण तिला डिझेल, टायर व दुरुस्ती सर्वच जास्त लागतें. आपला माल किती व रस्ता कसा, ह्याचा विचार न करतां केवळ स्वस्त मिळाली म्हणून गाडी घेऊं नये.

सालाकडेहि लक्ष द्यावें. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. बीएस-६ च्या डिझेल गाडींत धूर शुद्ध करण्याचीं साधनें व विजेवर चालणारे सेन्सर बरेच असतात. ते बिघडल्यास संगणक जोडून दोष शोधावा लागतो. त्यापूर्वींची साध्या पंपाची गाडी तालुक्याचा मिस्त्री सुधारूं शकतो. आपल्या गांवापासून जाणता मिस्त्री किती अंतरावर आहे, हाहि गाडीच्या किंमतीचाच एक भाग समजावा.

कागद

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, म्हणून ह्या बाबतींत थोडें विस्तारानें लिहितों. गाडीचें नोंदणीपत्र, ज्यास आर.सी. म्हणतात, तो तिचा सातबारा होय. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा आहे कीं नाहीं हें पाहिल्याशिवाय कोणी जमीन घेत नाहीं. गाडीवर बँकेचें किंवा पतपेढीचें कर्ज असल्यास तें तिच्या नोंदणीपत्रावर तसेंच नोंदलेलें असतें. ‘कर्ज फिटलें आहे, नोंद तेवढी राहिली आहे’ ह्या तोंडी बोलण्यावर विसंबूं नये. कर्ज देणाऱ्या संस्थेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन तो बोजा प्रथम उतरवून घ्यावा.

विकणाऱ्याचेंच नांव नोंदणीपत्रावर आहे काय, हा दुसरा प्रश्न. पुष्कळ गाड्या दोन-तीन हात फिरलेल्या असतात व नांव मात्र पहिल्या मालकाचेंच असतें. मूळ मालक मयत असल्यास वारसांनीं नमुना ३१ वर अर्ज करून गाडी आधीं आपल्या नांवें करून घ्यावी लागते. ही गाडीची वारसनोंदच होय. विक्रीसाठीं नमुना २९ व नमुना ३० लागतात. कायद्याप्रमाणें विकत घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. परराज्यांतील गाडी असल्यास तेथील कार्यालयाचा नमुना २८ चा ना-हरकत दाखला हातीं आल्याशिवाय रक्कम मोजूं नये.

तिसरें, योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस. मालवाहू गाडीस पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं तें घ्यावें लागतें. तें संपलें असल्यास कायद्याच्या दृष्टीनें गाडीची नोंदणीच ग्राह्य धरली जात नाहीं. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनीं वाढली आहे. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते तेव्हां त्या स्वस्ताईचें कारण तेथें शोधावें. ह्याशिवाय वाहनकर, आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचा पर्यावरण कर आणि न भरलेले दंड हेहि पाहावेत. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून ह्यांपैकीं पुष्कळ माहिती घरबसल्या मिळते. नोंदणीपत्रावर भरलेल्या व रिकाम्या गाडीचें वजन दिलेलें असतें. त्यांची वजाबाकी हाच कायद्यानें नेतां येणारा माल. भरलेलें वजन ३,००० किलोच्या आंत असल्यास मालवाहतुकीचा परवाना लागत नाहीं; त्यावर असल्यास परवान्याचीहि चौकशी करावी.

चौथा कागद विम्याचा. ह्यास आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों, आणि त्याचें कारण शेतकऱ्यानें नीट समजून घ्यावें. गाडीनें अपघात होऊन मनुष्य दगावल्यास अथवा जायबंदी झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवितें, ती गाडीच्या किंमतीच्या अनेक पट असूं शकते. विमा चालू नसल्यास ती मालकाच्या अंगावर येते. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणें न्यायाधिकरण त्या रकमेचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवूं शकतें, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. नोटीस, जप्ती, लिलाव हे शब्द त्यामागून येतात. तीन लाखांच्या गाडीपायीं वडिलोपार्जित जमिनीवर संकट येऊं शकतें तें ह्या वाटेनें. म्हणून विमा संपलेली गाडी विकत घेतलीच, तर नवा विमा उतरविल्याखेरीज ती रस्त्यावर एक कोसहि चालवूं नये. विमा चालू असल्यास खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत विमा कंपनीस कळवून तो आपल्या नांवें करावा. चालविणाऱ्याचें लायसेन्स चालू आहे हेंहि पाहावें. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधि मालाबरोबर बसला असल्यास १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याचा समावेश विम्यांत होतो. परंतु लग्नास, जत्रेस अगर बाजारास जाणारे लोक फुकट वा भाडें घेऊन हौद्यांत बसविले तर त्यांस हें संरक्षण मिळत नाहीं. ही चाल खेड्यांत फार आहे व ती सर्वस्वी सोडावी.

सांगाडा

गाडी पाहण्यास भर दिवसां, कोरड्या हवेंत जावें. प्रथम चॅसिसवर कोरलेला क्रमांक शोधावा, त्यावर कागद धरून पेन्सिलनें ठसा घ्यावा व नोंदणीपत्राशीं अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा. इंजिनाचा क्रमांकहि तसाच ताडावा. अंक घासलेले, पुन्हां ठोकलेले किंवा भोंवतालीं वेल्डिंग केलेलें दिसल्यास तेथूनच परत फिरावें. मग गाडी कितीहि स्वस्त असो.

नंतर खालीं आडवें होऊन सांगाडा पाहावा. कपड्यांची पर्वा करूं नये. लहान हातोडीनें हलकेंच ठोकीत जावें. निरोगी लोखंड खणखणीत बोलतें, गंजलेलें बद्द वाजतें व त्याचे पापुद्रे पडतात. मागील पाटे जेथें सांगाड्यास टांगलेले असतात त्या जागा विशेष पाहाव्यात, कारण बेसुमार माल भरलेल्या गाडीस तडे तेथेंच जातात. पाटे सरळ झाले आहेत काय, एखादा जादा पाटा घातला आहे काय, वेल्डिंगचे जोड आहेत काय, हें पाहावें. फक्त खालच्या बाजूसच ताजा काळा रंग मारलेला असला तर तो कशावर मारला आहे ह्याचा संशय घ्यावा.

गाडीनें पूर्वीं काय वाहिलें, हें अवश्य विचारावें. समुद्रकांठीं मासळी वाहिलेल्या गाडीचा हौदा व सांगाडा खारट पाण्यानें आंतून खाल्लेला असतो. रासायनिक खतें वाहिलेल्या गाडीचीहि गत फारशी निराळी नसते. वाळू, वीट व दगड वाहिलेली गाडी सहसा क्षमतेहून अधिक राबलेली असते. भाजी, दूध किंवा किराणा वाहिलेली गाडी त्या मानानें बरी.

मोजणीदाराची एक युक्ति येथें उपयोगी पडते. चाकें सरळ ठेवून पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस फितीनें मोजावें. दोहोंत ठळक फरक निघाल्यास आंस सरकलेला आहे किंवा सांगाडा वांकलेला आहे असें समजावें. टायर एकाच कडेला झिजलेले असणें हीहि त्याचीच खूण होऊं शकते. टायरच्या वयासाठीं त्याच्या बाजूवरील चार आंकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला टायर. नक्षी खोल दिसली तरी फार जुनें रबर भेगाळतें.

इंजिन व चाल

इंजिन सकाळीं थंड असतांना पाहावें. आपण जाण्यापूर्वींच तें गरम करून ठेवलेलें असल्यास दोष झांकण्याचा हेतु असूं शकतो; अशा वेळीं पुन्हां दुसऱ्या दिवशीं न कळवितां जावें. चालू केल्यावर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर सतत येत असल्यास ऑईल जळत आहे. काळा दाट धूर असल्यास डिझेल नीट जळत नाहीं. थंडींत प्रथम येणारा पांढरा धूर क्षम्य, पण इंजिन तापल्यावरहि तो थांबत नसेल तर पाणी आंत जात असण्याचा संभव आहे. डिझेल इंजिनाचें ऑईल काळेंच असतें, तो दोष नव्हे. तें दुधट दिसल्यास मात्र त्यांत पाणी मिसळलें आहे. इंजिन चालू असतां ऑईल भरण्याचें झांकण काढावें. तेथून जोरानें धूर फुसफुसल्यास रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरचें झांकण मात्र इंजिन थंड असतांनाच उघडावें. गरम असतां उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उडतें.

क्लचची परीक्षा सोपी आहे. समोर मोकळी जागा ठेवून हातब्रेक ओढावा, तिसरा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडलें तर क्लच ठीक; चालूच राहिलें तर तो घसरत आहे. मग गाडी कांहीं माल भरून चढावर न्यावी. गिअर आपोआप सुटतो काय, ब्रेक दाबतां गाडी एका बाजूस ओढते काय, स्टिअरिंग किती ढिलें आहे, हें मालासहित चालविल्यावरच कळतें. किलोमीटरच्या आंकड्यावर फार भरंवसा ठेवूं नये. पायाच्या पट्ट्यांचें रबर, स्टिअरिंगचें चाक व चालकाचें सीट हीं अधिक खरें बोलतात. आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा व त्याची मजुरी आपण द्यावी. विकणाऱ्याच्या मिस्त्रीचें मत हें विकणाऱ्याचेंच मत होय.

हिशेब

शेवटीं कागदावर आंकडे मांडावेत. उदाहरणादाखल, गाडी ३,००,००० रुपयांस घेतली व पहिल्या दुरुस्तीस आणि टायरांस ६०,००० लागले. पांच वर्षांनीं ती १,२०,००० रुपयांस गेली, तर वर्षाची झीज ४८,००० झाली. गुंतलेल्या ३,६०,००० वर दहा टक्क्यांनीं व्याज ३६,०००; विमा, कर व फिटनेस ३५,०००; किरकोळ दुरुस्ती ३०,०००. एकूण वर्षाचे १,४९,००० रुपये. गाडी दारांत उभी राहिली तरी ह्यांतील बहुतेक खर्च सुटत नाहीं. भाड्याची गाडी एका फेरीस २,५०० घेते आणि आपल्या गाडीस डिझेल १,००० चें लागतें असें धरल्यास फेरीमागें १,५०० वांचतात. म्हणजे वर्षास सुमारें शंभर फेऱ्या झाल्या तरच खर्च व बचत बरोबरीस येतात; चालक पगारी ठेवल्यास त्याहून अधिक लागतील. ज्याच्या फेऱ्या चाळीस-पन्नास आहेत त्यानें भाड्याचीच गाडी वापरावी, किंवा शेजारच्या दोघां-चौघांच्या मालाच्या फेऱ्या आधीं निश्चित करून घ्याव्यात. आंकडे आपापल्या गांवचे घालावेत. रीत हीच ठेवावी.

सौदा ठरल्यावर सर्व रक्कम एकदम देऊं नये. व्यवहार बँकेमार्फत करावा, लेखी करार करावा व नोंदणीपत्रावर आपलें नांव चढेपर्यंत कांहीं रक्कम राखून ठेवावी. खरा विकणारा ह्यास सहसा नाहीं म्हणत नाहीं. जो घाई करतो, ‘दुसरें गिऱ्हाईक उभें आहे’ म्हणतो व कागद मागाहून देण्याचें कबूल करतो, त्यास दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे खुशाल जाऊं द्यावें. जुन्या पिकअप बाजारांत पुष्कळ आहेत. एक हातची गेली तर दुसरी मिळेल. जमिनीचें तसें नाहीं.