उताराच्या कडेवर

कॅलिफोर्नियात १९७६-७७च्या अवर्षणात कोरड्या पडलेल्या खासगी जलतरण तलावांत, मालकांच्या परवानगीची तमा न बाळगता, काही पोरांनी आपल्या चाकांच्या फळ्या घुमवल्या आणि स्केटबोर्डला उभ्या भिंतीची चटक लावली. अशाच भिंतीच्या रॅम्पवर नवशिक्याने मात्र तळापासूनच आरंभ करावा. झोपाळ्यावर झोके घ्यावेत तसे गुडघे योग्य क्षणी वाकवून व ताठ करून वेग कमवावा. खरी कसोटी रॅम्पच्या वरच्या कडेवरून खाली उतरताना लागते : मागच्या पायाने फळीची शेपटी कडेवर दाबून, पुढचा पाय पुढच्या चाकांवर रोवून, उपजत बुद्धी मागे रेलण्याचा हुकूम देत असता, देहाचा सारा भार निःशंकपणे पुढे झोकावा लागतो. अर्ध्यात कचरणाऱ्याच्या पायाखालून फळी निसटते आणि तो पाठीवर आपटतो. शिरस्त्राणावाचून हा उद्योग म्हणजे, माझ्या मते, निव्वळ आडदांडपणा. गुडघ्यांवरच्या पॅडवर घसरत उतरण्याची विद्या तर सर्वांआधी शिकावी.