सगळं ठरलेलं असतं हे माहीत असूनही डब्ल्यूडब्ल्यूई बघायला मजा का येते?

"चेस्ट किती?"
"फाईट्स वन किती?"

हे दोन प्रश्न वाचून ज्यांना लगेच पत्त्यांचा कॅट आठवला, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचे, अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय हे शपथेवर सांगायचं आणि घरात कुणी नसलं की गादीवर धाकट्या भावाला आपटायचं, असा तेव्हाचा सगळा कार्यक्रम असायचा.

मग गल्लीतला एखादा मोठा दादा सांगायचा, "अरे येड्या, ते सगळं खोटं असतंय. नुराकुस्ती असते ती."

बऱ्याच जणांचं बघणं तिथंच सुटलं. पण आता तीच पोरं तिशी-चाळिशीत आहेत. रील्स बघता बघता एखादी जुनी एन्ट्री समोर येते, त्यावरून एक अख्खी मॅच बघितली जाते आणि रात्रीचा एक कधी वाजतो ते कळत नाही. आता तर खोटं आहे हे पक्कं माहितीये. मग मजा का येतेय?

तर ती माहितीये म्हणूनच येतेय. कसं, ते बघू.

खोटं असतं, हे कंपनीनंच सांगितलं होतं

या धंद्यात 'केफेब' नावाचा एक शब्द आहे. रिंगमध्ये जे दाखवलं ते बाहेरही खरंच आहे असं वागायचं, असा त्याचा अर्थ. रिंगमधले दुश्मन हॉटेलात एकत्र जेवताना दिसायचे नाहीत. लंगडण्याचं नाटक केलं असेल तर घरी जातानाही लंगडायचं.

हे गुपित कित्येक वर्षं जपलं गेलं. १९८९ मध्ये मात्र अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात डब्ल्यूडब्ल्यूएफनं स्वतःच सांगून टाकलं की आमचा कार्यक्रम म्हणजे खरीखुरी स्पर्धा नाही, लोकांच्या मनोरंजनासाठी केलेला खेळ आहे. कारण साधं होतं. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागे लागतात. मनोरंजन म्हटलं की त्यातून सुटका होते.

म्हणजे आपण इकडे पत्ते खेळत होतो, तेव्हा तिकडे ही गोष्ट जाहीर होऊन गेली होती.

नुराकुस्ती आणि यात फरक काय?

नुराकुस्तीत तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवलेलं असतं. लाल मातीत खरी कुस्ती बघायला मिळणार असं सांगायचं आणि आतून दोघांनी ठरवून घ्यायचं. म्हणून तो शब्द शिवीसारखा वापरला जातो.

डब्ल्यूडब्ल्यूईत प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. नाटकात मेलेला राजा पडदा पडल्यावर नमस्कार करायला पुढे येतो, तेव्हा आपण तिकिटाचे पैसे परत मागत नाही. इथंही तसंच आहे.

ठरलेलं काय असतं? मुख्य म्हणजे निकाल आणि काही महत्त्वाचे प्रसंग. बाकी बरंचसं रिंगमध्ये एकमेकांच्या कानात बोलून आणि पब्लिकचा अंदाज घेऊन चालतं. चांगल्या माणसाला 'बेबीफेस' म्हणतात आणि वाईटाला 'हील'. हीलचं काम म्हणजे शिव्या खाणं. लोक जेवढे चिडतील तेवढं त्याचं काम चांगलं. मार बसल्याचा अभिनय करण्याला 'सेलिंग' म्हणतात. मार खाणारा नीट सेलिंग करत असेल, तरच मारणारा ताकदवान वाटतो.

यातली खरी गंमत मोठेपणी दिसते. एखाद्याला उचलून आपटतात तेव्हा ज्याला उचललंय तोही उडी मारून मदत करत असतो. आणि उचलणाऱ्याची पहिली जबाबदारी असते समोरच्याची मान सांभाळणं. लहानपणी जी आपल्याला भांडणं वाटत होती, ती दोन माणसांची एकमेकांवरच्या विश्वासावर चाललेली कसरत होती.

पण लागतं ते खरंच लागतं

रिंग म्हणजे गादी नव्हे. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळसा फोम आणि वर कॅनव्हास.

२८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मॅनकाइंडला सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. पण तो परत वर चढला आणि दुसऱ्यांदा पिंजऱ्याचं छतच निसटून तो आत रिंगमध्ये कोसळला. हे ठरलेलं नव्हतं. मॅनकाइंड झालेला मिक फोली काही क्षण बेशुद्ध होता, त्याचा दात तुटला, तरी त्यानं मॅच पूर्ण केली.

पुढच्याच वर्षी, मे १९९९ मध्ये, ओवेन हार्ट हा पैलवान छतावरून दोरीनं खाली येण्याच्या स्टंटमध्ये पडला आणि गेला.

त्यामुळं 'खोटं असतंय' म्हणून हात झटकणं, हे त्या माणसांवर अन्याय करणारं आहे.

पब्लिक स्क्रिप्ट बदलतं तेव्हा

२०२४ ची गोष्ट. रोमन रेन्स २०२० पासून चॅम्पियन होता. जानेवारीत कोडी रोड्सनं रॉयल रंबल जिंकली, म्हणजे रेसलमेनियात तोच रोमनला भिडणार असं सगळे धरून चालले होते. कोडीचे वडील डस्टी रोड्स हे मोठं नाव, पण या कंपनीचा मुख्य बेल्ट त्यांना कधीच मिळाला नाही. बापाचं राहिलेलं पोरगं पूर्ण करणार, अशी ती स्टोरी होती.

आणि फेब्रुवारीत मध्येच द रॉक आला. आपल्या लहानपणीचा हिरो. कोडी बाजूला आणि रॉक विरुद्ध रोमन होणार असं दिसायला लागलं.

फॅन्स असे भडकले की सोशल मीडियावर 'वी वाँट कोडी' ट्रेंडिंगला आलं. आठवडाभरात चित्र पालटलं. कोडीला मॅच परत मिळाली आणि रॉक चक्क हील झाला.

७ एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियात ती मॅच झाली. मध्येच जॉन सीना धावत आला. मग लाईट गेले, घंटा वाजली आणि अंडरटेकरनं रॉकला चोकस्लॅम दिला. शेवटी कोडी जिंकला आणि रोमनची १,३१६ दिवसांची सद्दी संपली.

निकाल कुणीतरी लिहिलेलाच होता. पण तो तसा लिहायला लावण्यात पब्लिकचाही हात होता. हे कुठल्या सिनेमात किंवा सिरियलमध्ये होतं?

परत बघायचं असेल तर?

एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर दिसतं. दर आठवड्याचं सगळं बघत बसू नका, दमाल. एक स्टोरी धरा. रोमन-कोडीची धरलीत तरी चालेल. आणि कोण जिंकणार यापेक्षा कोण कुणाला कसं सांभाळतंय, हील पब्लिकला कसा चिडवतोय, लोक कधी उभे राहतायत, याकडे लक्ष द्या.

शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणेलच, "हे सगळं खोटं असतं, माहितीये ना?"

सांगा, माहितीये. आणि त्यालाही बसवून घ्या.