जुना फ्रीज जातो कुठे?

रोजचा कचरा बादलीत मावतो. भाजीची देठे, कागद, दुधाच्या पिशव्या हे सारे सकाळी घंटागाडीत पडले की आपण मोकळे होतो. पण घरात अशाही वस्तू असतात, की ज्या कोणत्याही बादलीत मावत नाहीत. वाळवी लागलेले कपाट, स्प्रिंगा वर आलेली गादी, मोडका सोफा, बंद पडलेले धुलाईयंत्र आणि जुना फ्रीज. या वस्तू प्रथम गच्चीवर किंवा जिन्याखाली जातात. तेथे वर्षानुवर्षे राहतात आणि मग एके दिवशी भंगारवाल्याकडे, नाही तर रात्रीच्या अंधारात नाल्याच्या कडेला पोहोचतात. अशा वस्तूंचे इतर देशांत काय करतात, त्यामागे कोणते विज्ञान आहे आणि आपल्याकडची व्यवस्था कुठे चांगली व कुठे अपुरी आहे, हे या लेखात पाहू या. उदाहरणासाठी आम्ही जपान निवडला आहे, कारण तेथे या कचऱ्याला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र दिवस आहे आणि स्वतंत्र कायदाही आहे.

कपाट की हवा?

मोठ्या वस्तू रोजच्या कचरागाडीत का चालत नाहीत? पहिले कारण साध्या गणिताचे आहे. १.८ मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असे एक लाकडी कपाट घ्या. त्याने व्यापलेली जागा होते सुमारे १.०८ घनमीटर. त्याचे वजन ६० किलो आहे असे धरू. फळीची घनता दर घनमीटरला ६५० किलो मानली, तर प्रत्यक्ष लाकूड भरते जेमतेम ०.०९ घनमीटर. म्हणजे कपाटाने अडवलेल्या जागेपैकी सुमारे बाराव्या हिश्शात लाकूड आहे. बाकी सारी हवा! १० घनमीटरच्या पेटीत अशी नऊ कपाटे बसतील आणि त्यांचे वजन होईल अवघे ५४० किलो. गाडी भरली, पण तिने वाहून नेली ती मुख्यतः हवा. गादीचेही तसेच.

दुसरे कारण यंत्राचे. शहरांतील बऱ्याच कचरागाड्यांमध्ये कचरा दाबून बसवणारी यंत्रणा असते. त्यात गादीच्या स्प्रिंगा अडकतात, आणि फ्रीज दाबला तर त्याच्या नळ्या फुटून तेल व वायू बाहेर पडतात. म्हणून मोठा कचरा वेगळा न्यायचा, एका ठिकाणी आणून त्याचे तुकडे करायचे, म्हणजे त्यातली हवा काढून टाकायची, आणि मग पुढची वाट धरायची, हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

तोक्योचे कचरा-युद्ध

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कुटुंबांना तीन वस्तूंचे वेड लागले होते : कृष्णधवल दूरचित्रवाणी संच, धुलाईयंत्र आणि फ्रीज. उत्पन्न वाढले, वस्तू वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग कचराही वाढला. तोक्यो शहराचा कचरा समुद्रात भर घालण्यासाठी कोतो या विभागातून नेला जाई. तेथील एका भरावाचे नाव होते युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचे बेट. १९५७ ते १९६७ या काळात येथे कचरा टाकला गेला, आणि १९६५च्या उन्हाळ्यात या बेटावरच्या माश्यांनी आसपासच्या वस्तीचे जगणे नकोसे केले. १९७१ साली तोक्योचे राज्यपाल मिनोबे र्‍योकिची यांनी कचऱ्याविरुद्ध युद्धच पुकारल्याचे जाहीर केले. सुगिनामी विभागातील लोक आपल्या भागात कचरा जाळण्याचे केंद्र होऊ देत नव्हते. तेव्हा १९७३ साली कोतोवासीयांनी सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. 'तुमचा कचरा आम्हीच का सोसायचा?' हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. अखेर सुगिनामीत केंद्र उभे राहिले, पण त्याला १९८२ साल उजाडावे लागले. स्वप्नांच्या बेटावर आज उद्यान आहे, आणि तेथल्या उष्ण कटिबंधातील झाडांच्या काचघराला जवळच्या कचरा-भट्टीची उष्णता पुरवली जाते.

जेथे कचरा टाकायला जागाच उरत नाही, तेथे कचऱ्याचे नियम बारकाईने केले जातात. तोक्योच्या २३ विभागांत ज्या वस्तूची एखादी बाजू सुमारे ३० सेंटिमीटर किंवा अधिक आहे, ती 'सोदाइ गोमि' म्हणजे थोराड कचरा ठरते. ती टाकायची असेल तर आधी केंद्राला कळवावे लागते. केंद्र दिवस, जागा आणि शुल्क सांगते. मग किराणा दुकानातून तितक्या रकमेची चिकटपट्टी विकत आणायची, वस्तूला लावायची आणि ठरलेल्या सकाळी ठरलेल्या जागी ती ठेवायची. चिकटपट्टी नसेल, तर वस्तू तशीच पडून राहते. ही वस्तू पुढे तोक्यो उपसागरातील भरावावर असलेल्या केंद्रात जाते. तेथे तिचे तुकडे होतात, लोखंड चुंबकाने वेगळे काढले जाते, जळणारा भाग भट्टीत जातो आणि उरलेला भरावात.

फ्रीज मात्र वेगळा

चार वस्तूंना मात्र ही चिकटपट्टी चालत नाही : फ्रीज, धुलाईयंत्र, दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्र. यांच्यासाठी जपानने १९९८ साली वेगळा कायदा केला आणि एप्रिल २००१ पासून तो अमलात आणला. जुनी वस्तू परत घेण्याची जबाबदारी दुकानदाराची, तिचे सुटे भाग करून पदार्थ परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकाची आणि त्याचा खर्च ग्राहकाचा, अशी कामाची वाटणी या कायद्याने केली. फ्रीजच्या वजनापैकी किमान ५० टक्के माल परत मिळवावा, असे बंधन सुरुवातीला होते. २०१५ साली ते ७० टक्क्यांवर नेले.

फ्रीजसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण फ्रीजमध्ये लोखंड आणि तांब्याखेरीज आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. फ्रीजच्या नळ्यांतून एक प्रशीतक वायू फिरत असतो. जुन्या फ्रीजमध्ये तो सीएफसी-१२ होता. भिंतींमधला उष्णतारोधक फोम फुगवण्यासाठी सीएफसी-११ वापरत. हे वायू ओझोनचा थर नष्ट करतात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८७ साली माँट्रिअल करार झाला, आणि विकसनशील देशांसाठी सीएफसी-उत्पादन थांबवण्याची मुदत २०१० पर्यंत होती.

उत्पादन थांबले, पण जुन्या फ्रीजच्या पोटातला वायू काही थांबला नाही. शिवाय हे वायू पृथ्वीची उष्णताही वाढवतात. एक ढोबळ हिशेब करू. नळ्यांत १२० ग्रॅम सीएफसी-१२ आहे असे धरा. शंभर वर्षांच्या काळात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १० हजार पट उष्णता अडवतो. म्हणजे त्याचा परिणाम १.२ टन कार्बन डायऑक्साइडइतका. फोममध्ये ३०० ग्रॅम सीएफसी-११ धरला, तर त्याच्या सुमारे ४,७०० पटीने आणखी १.४ टन. एकूण २.६ टन! एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. त्या हिशेबाने एका जुन्या फ्रीजमधून निसटलेला वायू ११०० लिटरहून अधिक पेट्रोल जाळण्यासारखा आहे. लिटरला ४५ किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीने तेवढ्या पेट्रोलवर पृथ्वीला सव्वा प्रदक्षिणा होईल. आणि नळी कापायला लागतात दोन मिनिटे.

म्हणून जपानी कारखान्यात फ्रीज आला, की आधी कप्पे, काचा आणि दाराचे रबर काढतात. मग कॉम्प्रेसरमधील तेल आणि प्रशीतक शोषून घेतात. त्यानंतर फ्रीजचे धूड बंद कोठडीत चिरडतात, म्हणजे फोममधला वायूही पकडता येतो. धुलाईयंत्राच्या बाबतीत एक गमतीची पायरी आहे. अनेक यंत्रांत ड्रमचा तोल राखण्यासाठी वरच्या कड्यात मिठाचे पाणी भरलेले असते. ते आधी काढले नाही, तर सांडून कारखान्यातील यंत्रे गंजतात.

तुकड्यांची निवड : वर्गात करून पाहा

चिरडलेल्या ढिगातून लोखंड चुंबकाला चिकटते, हे मुलांना माहीत असते. पण अॅल्युमिनिअम आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. ते कसे निवडायचे? येथे फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन मदतीला येते. सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी एक ढोल वेगाने फिरत असतो आणि त्याच्या आत चुंबक बसवलेले असतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे अॅल्युमिनिअमच्या तुकड्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतधारा निर्माण होतात. लेंझच्या नियमानुसार या धारा बदलाला विरोध करतात, आणि तुकडा पुढे भिरकावला जातो. प्लॅस्टिक आपले सरळ खाली पडते. दोन्हींसाठी वेगवेगळ्या पेट्या ठेवल्या, की निवड झाली.

हा परिणाम वर्गात सहज दाखवता येतो. एक मीटर लांबीची तांब्याची किंवा अॅल्युमिनिअमची नळी उभी धरा. तीत प्रथम एक साधा लोखंडी तुकडा सोडा; तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येईल. मग त्याच आकाराचा शक्तिशाली निओडिमिअम चुंबक सोडा. तो इतका सावकाश उतरतो, की मुले नळीत डोकावून पाहू लागतात.

प्लॅस्टिकची निवड पाण्यात होते. पॉलिप्रोपिलीनची घनता सुमारे ०.९, म्हणून ते साध्या पाण्यावर तरंगते. पॉलिस्टायरीनची घनता १.०५, म्हणून ते बुडते. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम मीठ विरघळवले, की त्या द्रावणाची घनता १.१च्या पुढे जाते, आणि पॉलिस्टायरीनही वर येते. पीव्हीसी मात्र तळाशीच राहते. बाटलीचे झाकण, पारदर्शक कडक प्लॅस्टिकचा पेला आणि पीव्हीसी नळाचा तुकडा एवढ्या साहित्यावर हा प्रयोग होतो.

आणि आपला भंगारवाला?

हे वाचून आपल्याकडे काहीच व्यवस्था नाही, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे जुना फ्रीज टाकायला पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मिळतात! भंगारवाला दारात येतो, वजन करतो आणि रोख देतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात सुटा झालेला माल पुन्हा कारखान्यांकडे वळतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निर्माण झाली. धातू परत मिळवण्याचे काम हे लोक चोख करतात.

मात्र या व्यवस्थेचा नियम एकच आहे : ज्याला भाव आहे, ते वाचते. तांब्याला भाव आहे, कॉम्प्रेसरला आहे, पत्र्याला आहे. प्रशीतक वायूला भाव नाही, म्हणून नळी कापून तो सोडून दिला जातो. फोमला भाव नाही, म्हणून तो उकिरड्यावर जातो. तारेवरील पीव्हीसीला भाव नाही, म्हणून ते जाळून तांबे काढले जाते, आणि तो विषारी धूर प्रथम जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. त्याने ओझोनला धोका नाही आणि उष्णताही फार अडत नाही. पण तो ज्वालाग्राही आहे. बंद खोलीत अशा फ्रीजची नळी कापून शेजारी ठिणगी पडली, तर स्फोट होऊ शकतो. हा धोका कापणाऱ्याला कुणी सांगितलेला नसतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या भारतातील ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. नोंदणीकृत केंद्रांकडून ठरावीक प्रमाणात कचऱ्यावर प्रक्रिया करून घेणे त्यांना बंधनकारक आहे. पण घर आणि ते केंद्र यांच्यामध्ये भंगारवाला उभा आहे. त्याला वगळून ही साखळी पुरी होणार नाही. वायू काढून घेण्याचे साधन, प्रशिक्षण आणि त्या कामाचा मोबदला त्याच्यापर्यंत पोहोचला, तर जपानी कारखाना जे काम करतो, त्याचा मोठा भाग आपल्या गल्लीतच सुरू होईल. जपानलाही सारे साधलेले नाही. टाकण्यासाठी शुल्क द्यावे लागते, म्हणून काही जण तेथेही फ्रीज रानात नेऊन टाकतात. म्हणजे पैसे घेतले तर लोक चोरून टाकतात, आणि पैसे दिले तर बिनभावाचे ते वाऱ्यावर जाते. हा पेच सोडवायचा कसा, यावर नववी-दहावीच्या वर्गात चांगली चर्चा होईल.

दाराची गोष्ट

शेवटी एक सूचना, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पूर्वीच्या फ्रीजना बाहेरून बसणारी कडी असे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळणारी मुले अडकून गुदमरून मेली. दार हवाबंद, आतून उघडेना आणि जाड भिंतींमुळे हाकही बाहेर येईना. १९५६ साली तेथे कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९५८ नंतर बनलेला प्रत्येक फ्रीज आतून ढकलून उघडता आला पाहिजे, असे बंधन आले. आज दाराच्या रबरात दिसणारी चुंबकाची पट्टी याच काळात रूढ झाली. तरीही आडवा पडलेला किंवा भिंतीला तोंड करून ठेवलेला फ्रीज लहान मुलासाठी सापळाच आहे. तेव्हा शाळेच्या अडगळीत किंवा घराच्या अंगणात बंद फ्रीज असेल, तर आजच त्याचे दार बिजागरीसकट काढून ठेवा. त्यासाठी नळ्यांना हात लावावा लागत नाही. एक पाना पुरतो.

विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्यावा. घरातील फ्रीजच्या मागच्या किंवा आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. तीवर प्रशीतकाचे नाव (आर-१२, आर-१३४ए किंवा आर-६००ए) आणि ग्रॅममधील वजन लिहिलेले असते. ते उतरवून आणावे. आर-१२ साठी १० हजार, आर-१३४ए साठी सुमारे १,३०० हा गुणक वापरावा. आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेनसाठी गुणक अगदी किरकोळ आहे. साऱ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडली, की आपल्या गावातील स्वयंपाकघरांत किती टन कार्बन डायऑक्साइडइतका वायू साठवून ठेवला आहे, ते मुलांना दिसेल. हे फ्रीज ज्या दिवशी भंगारात जातील, त्या दिवशी त्या नळ्या कोण कापणार आणि कशा, हा पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.