पनवेल ते पॅडॉक

रविवार उजाडला की आपल्या पनवेलकरांना दोनच प्रश्न पडतात. आज हार्बरला मेगाब्लॉक आहे का? आणि नसला तर जायचं कुठे? मॉल झाले, मल्टिप्लेक्स झालं, कर्नाळ्याला पक्षी बघायला जाऊन फक्त माणसं बघून आलो. अशा वेळी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने डबा खाता खाता पिल्लू सोडलं, ‘‘रेसला जाऊ या का?’’

टेबलावर एकदम शांतता. कारण मराठी मध्यमवर्गीय घरात ‘रेस’ हा शब्द जरा हळू आवाजातच उच्चारला जातो. आमच्याकडे आजी एका दूरच्या मामांचं नाव निघालं की ‘रेसच्या नादी लागला’ एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. पुढची गोष्ट आम्हाला कधीच कळली नाही. त्यामुळे घरी मी फक्त ‘‘महालक्ष्मीला जातेय’’ एवढंच सांगितलं. आई खूश! ‘‘बरं झालं, देवीची ओटी भरून ये,’’ म्हणत तिने पर्समध्ये नारळ कोंबला. तो नारळ घेऊन मी आयुष्यातली पहिली रेस बघितली.

आधी थोडा इतिहास

हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो. महालक्ष्मी स्टेशनला उतरलात की एका बाजूला धोबीघाट आणि दुसऱ्या बाजूला, चालत जाण्याच्या अंतरावर, हिरवंगार मैदान. पनवेलहून निघताना दोन तास हाताशी ठेवा. गाडी असेल तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आहेच, चिर्ल्याला चढा आणि शिवडीला उतरा.

हे रेसकोर्स १८८३ सालचं. त्याआधी मुंबईत घोडे धावायचे ते भायखळ्याला. क्लब तर त्याहून जुना, १८०२ चा. १९३५ मध्ये त्याच्या नावाला ‘रॉयल’ चिकटलं आणि तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला. इथली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. १९४३ मध्ये ती पहिल्यांदा धावली आणि जिंकली कोणी, तर बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीने. म्हणजे पहिलीच डर्बी मुलीने मारली! चार वर्षांच्या घोड्यांची ही २४०० मीटरची शर्यत साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रविवारी असते. सगळा खेळ जेमतेम अडीच मिनिटांचा, पण त्या दिवशी हॅट, साड्या आणि गॉगल्स बघायलाच अर्धी मुंबई येते. पहिल्यांदाच जाणार असाल तर मात्र साधा रविवार निवडा. गर्दी कमी आणि शिकायला जास्त मिळतं.

खरा शो पॅडॉकमध्ये

नवखी मंडळी आत शिरली की थेट स्टँड गाठतात. चूक! आधी पॅडॉकला जा. प्रत्येक शर्यतीआधी घोडे इथे गोल फिरवले जातात. लगाम धरून सोबत चालणारे मोतद्दार, कोपऱ्यात गंभीर चेहऱ्याचे ट्रेनर, ऐटीत उभे मालक आणि मग रंगीबेरंगी सिल्कचे सदरे घातलेले जॉकी. ते रंग जॉकीचे नसतात हं, मालकाचे असतात. म्हणूनच एकच जॉकी दुपारभरात चार वेगवेगळ्या रंगांत दिसतो.

आम्ही कठड्याला टेकून ‘तो काळा कसला क्यूट आहे’ असं चाललेलं असताना शेजारचे एक काका हसले. हातात घडी पडलेलं रेसबुक, कानामागे पेन्सिल. म्हणाले, ‘‘क्यूट बघू नका, चाल बघा.’’ मग त्यांनी धडाच दिला. कातडी चकाकतेय का? पावलं मोकळी, लांब पडतायत का? कान टवकारलेले आहेत का? शर्यतीआधीच घामाने निथळणारा, मान झटकणारा घोडा अर्धी ताकद तिथेच घालवून बसतो. दहा मिनिटांपूर्वी सगळे सारखे दिसणारे घोडे एकदम वेगवेगळे दिसायला लागले.

हे सगळे थरोब्रेड. यांची वंशावळ इंग्लंडमध्ये नेलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपर्यंत मागे जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आणि गंमत म्हणजे भारतातल्या प्रत्येक रेसच्या घोड्याचा अधिकृत वाढदिवस एकच, १ जानेवारी!

वजनाचं गणित

रेसबुक पहिल्यांदा उघडलं की सीएच्या परीक्षेचा पेपर वाटतो. घाबरू नका. घोड्याचं नाव, वय, मागच्या शर्यतींतले नंबर, जॉकी, ट्रेनर आणि वजन एवढंच बघा. यात वजन महत्त्वाचं. हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं. जो जास्त चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन. जॉकी हलका पडला तर शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. म्हणजे ऑफिसातलाच न्याय, चांगलं काम करणाऱ्यावर जास्त ओझं!

आणि मग गेट उघडतं. टीव्हीवर जे कळत नाही ते इथे कळतं: आवाज. आधी लांबून रंगांचा एक पुंजका सरकताना दिसतो, मग वळण, मग स्टँडमधली कुजबुज वाढत वाढत आरोळी होते आणि ताशी साठ किलोमीटरने टापा तुमच्या समोरून जातात. पायाखालची जमीन हादरते. माझ्या हातातला नारळ कधी खाली पडला, मला कळलंच नाही.

पैशाचं काय?

आता मुद्द्याचं. पैज न लावताही रेस मस्त बघता येते. लावायचीच असेल तर टोटच्या खिडकीवर ‘विन’ म्हणजे पहिला आणि ‘प्लेस’ म्हणजे पहिल्या काहींत, एवढ्या दोनच गोष्टी विचारा. पहिले तीन अचूक क्रमाने सांगायचे त्याला ‘टानाला’ म्हणतात. ऐकायला गोड, जमायला महाकठीण. टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि क्लबचा वाटा जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणून सगळ्यांच्या लाडक्या घोड्यावर फार सुटत नाही.

१९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, हे खरं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये पैजेवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, हेही तितकंच खरं. शर्यत सुटण्याआधीच मोठा लचका तुटतो. ‘यातून कमवू’ म्हणणाऱ्याने आधी हे गणित करावं.

मी तीनशे रुपये नेले होते. दोनशे गेले. तिसऱ्या शंभरावर काकांच्या शिकवणीने निवडलेली तांबूस घोडी प्लेसमध्ये आली. आम्हा तिघींच्या वडापाव-चहाचे पैसे सुटले आणि आनंद असा, जणू डर्बी मारली. खरी भीती तिथेच वाटली. कारण हात लगेच पर्सकडे गेला होता, एटीएम कार्ड शोधत.

देवळात मात्र गेले. ते जवळच आहे. घरी आल्यावर आईला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘‘मामाही पहिल्या दिवशी जिंकूनच आला होता.’’ मग तिने पहिल्यांदाच ती गोष्ट पूर्ण सांगितली. पगार, मामींच्या पाटल्या आणि शेवटी चाळीतली खोली. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, ‘‘घोडे खरंच एवढे देखणे असतात?’’ पुढच्या वेळी तीही येणार आहे. कार्ड दोघींचीही घरी राहतील.

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

• मुंबईचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात घोडे पुण्याला धावतात. पनवेलकरांची चंगळच, कळंबोलीहून एक्स्प्रेसवे पकडला की झालं!

• रोख ठरवून न्या आणि ती संपली की खेळ संपला. गेलेले ‘काढायला’ जाऊ नका.

• पैज फक्त अधिकृत खिडकीवर. फोनवर ‘पक्की टिप’ देणाऱ्याला नमस्कार.

• निकाल अंतिम जाहीर होईपर्यंत तिकीट फाडू नका. हरकत घेतली गेली तर क्रम बदलू शकतो.

• आरामात चालता येतील असे बूट घाला. पॅडॉक ते स्टँड चकरा होतातच.

• आणि लवकर जा. २०२४ च्या तोडग्यानुसार इथली सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर रेसकोर्सकडे. मैदान बदलतंय. ते आज आहे तसं एकदा डोळे भरून बघून घ्या.

मग काय, येत्या रविवारी मेगाब्लॉक नसेल तर भेटू या पॅडॉकच्या कठड्याला?