परक्या गावात चतुर्थी

घरी गणपती आणणारे माझ्याशिवाय कोणी उरले नाही, तेव्हापासून चतुर्थीला मी प्रवासात असतो. मुंबई-पुण्यात ते सोपे जाते. सार्वजनिक मंडप असतात, हॉटेले उघडी असतात, एकटा माणूस गर्दीत खपून जातो. एका वर्षी चतुर्थी कणकवलीत काढली आणि कोकणातला सण किती निराळा, ते कळले.

गड आणि जाणवली या दोन नद्यांमधले हे गाव महामार्गावरचे, एरवी वर्दळीचे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. चतुर्थीआधी गाड्या भरभरून चाकरमानी उतरतात आणि आपापल्या वाड्यांत पांगतात. चतुर्थीला बाजारपेठ मात्र शांत. खानावळवाल्याच्या घरीही गणपती असतोच ना! तेव्हा एकट्या प्रवाशाने फळे, पोहे आदल्या दिवशीच घेऊन ठेवावेत.

याचे कारण सणाच्या घडणीतच आहे. १८९३-९४च्या सुमारास टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक उत्सव रुजला. कोकणातला गणपती त्याआधीपासूनचा आणि घरचा. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तरी कितीतरी कुटुंबांत गणपती मूळ घरी एकच बसतो. म्हणजे सणाला प्रत्येकाचे एक ठरलेले घर असते. म्हणूनच इथे पहिला प्रश्न येतो, "कोणाकडे इलास?"

‘कोणाकडेच नाही’ हे उत्तर द्यायला जड जाते. पण ते द्यावे. समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "मगे आमच्याकडे येवा." त्यात उपचार नसतो. दर्शनाला आमंत्रण लागत नाही, हा इकडचा रिवाजच आहे. मूर्तीवर माटवी बांधलेली असते. नारळ, सुपारीची शिपटी, रानातली कवंडळे, हरणाची फुले अशी त्या ऋतूची सारी संपत्ती तिला टांगतात. रात्री भजनाची मंडळी घरोघर फिरतात. तिथे तुम्ही कोणाचे कोण, हे विचारण्याआधी हातात झांजा येतात, आणि नंतर काळ्या वाटाण्याची उसळ.

दुपार तेवढी एकट्याची उरते. ती मी गडनदीकाठी वागद्याला, अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली उभारलेल्या गोपुरी आश्रमाच्या परिसरात घालवली. भाद्रपदात नदीला ओढ असते. काठावर बसावे, पाण्यात उतरू नये.

दुसऱ्या दिवशी जाणवलीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन पाहिले. मूर्ती सोडल्यावर पाट रिकामा नेत नाहीत, त्यावर नदीतली मूठभर वाळू ठेवून घरी नेतात. रिकाम्या मखरात जाताना हात रिकामे नसावेत, एवढी काळजी हा रिवाज घेतो. सणाला कुठे जाणार, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी एकदा चतुर्थीला इकडे यावे. खोली मात्र महिनाभर आधी सांगून ठेवावी.