फोन बोलू लागला, पण शिकवणार कोण?

रमजानच्या काही दिवस आधी बीडच्या जुन्या वस्तीतील एका घरी आम्ही गेलो होतो. घरातली मुलगी चौदा वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही. शेजारच्या मुली मदरशातला सबक घरी येऊन मोठ्याने म्हणत. तो ऐकून ऐकून तिने सहा पारे तोंडपाठ केले होते. शाळेचे विचारले तेव्हा तिची अम्मी म्हणाली, ‘‘आपा, चौथीपर्यंत जायची. मग गुरुजीच म्हणाले, हिला फळ्यावरचे दिसत नाही, बसून काय करणार? आम्हालाही वाटले, रस्त्यात काही झाले तर? राहू द्यावी घरीच.’’

तिच्या मोठ्या भावाकडे स्मार्टफोन होता. आम्ही तो मागून घेतला, सेटिंगमध्ये जाऊन ‘टॉकबॅक’ सुरू केले आणि फोन मुलीच्या हातात दिला. बोट पडद्यावर टेकताच फोन मराठीत वेळ सांगू लागला. ती दचकली, पुन्हा बोट फिरवू लागली. अर्ध्या तासात तिने मामूंचे नाव शोधून स्वतः फोन लावला. मग आम्हाला विचारले, ‘‘आपा, हा उर्दूपण वाचतो का?’’

हो, वाचतो. पण तो फोन दोन वर्षांपासून त्या घरात होता आणि त्यात असे काही असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. अंध मुलांच्या शिक्षणात आज अडचण यंत्राच्या किमतीची जितकी आहे, त्याहून जास्त ते यंत्र शिकवणाऱ्या माणसाची आहे, हे त्या दिवशी आम्हाला नीट कळले.

यंत्र घरातच आहे

एक काळ होता, संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर घेणे म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाला ही किंमत अन्यायाची वाटली. त्याने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ नावाचे सॉफ्टवेअर तयार करायला घेतले. पुढे त्याचा अंध मित्र जेम्स तेह सोबत आला. हे सॉफ्टवेअर आजही पूर्ण मोफत आहे. ते विंडोजच्या संगणकावर चालते, पेनड्राइव्हवरूनही चालवता येते. त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आवाज आहेत. शाळेत संगणक असेल, तर अंध विद्यार्थ्यासाठी वेगळे यंत्र घेण्याचीही गरज नाही.

अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक हेही तसेच काम करते. सेटिंगमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात ते सापडते. मात्र सुरू केल्यावर फोन हाताळण्याची पद्धत बदलते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. एकदा स्पर्श केला की फोन फक्त नाव वाचतो, उघडायचे असेल तर दोनदा टिचकी मारावी लागते आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. हे माहीत नसल्यामुळे ‘फोन बिघडला’ म्हणून घाबरून बंद करणारे पुष्कळ आहेत. आठवडाभर सराव झाला की मूल घरच्यांपेक्षा वेगाने फोन चालवते. फोन सगळे मोठ्याने वाचतो, ओटीपीसुद्धा. म्हणून एक साधा इअरफोन जरूर घ्यावा.

रस्त्यासाठी पांढरी काठी आहे. ती जमिनीवरचा खड्डा, पायरी सांगते. मात्र गुडघ्याच्या वर काय आहे, उभ्या ट्रकचा मागचा भाग की झाडाची फांदी, ते साध्या काठीला कळत नाही. यासाठी दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘स्मार्टकेन’ बनवली. ती २०१४ मध्ये बाजारात आली. वटवाघूळ जसे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते, तसे हे यंत्र सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि मुठीत थरथर करून इशारा देते. परदेशी यंत्रांच्या तुलनेत तिची किंमत फारच कमी ठेवली गेली.

ब्रेल सोडू नका

फोन बोलतो म्हणून ब्रेल शिकायची गरज नाही, असे काही पालक म्हणतात. ही मोठी चूक ठरेल. जे मूल फक्त ऐकते, त्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला लेखनातला फरक कळत नाही. गणिताची उभी मांडणी कानाने समजत नाही. ब्रेलची पाटी आणि टोचणी काही शे रुपयांत मिळते, तिला वीज लागत नाही, नेट लागत नाही.

आपल्या मुलांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. पाटीवर ब्रेल लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूने टोचायचे असते, म्हणून लिहिणे उर्दूसारखे उजवीकडून डावीकडे होते. कागद उलटला की वाचणे मात्र डावीकडून उजवीकडे. अरबी ब्रेलसुद्धा डावीकडूनच वाचतात. ब्रेल लिपीत कुरआन उपलब्ध आहे. मराठीत स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. वाचायला काही नाही, ही तक्रार पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

पुस्तक यंत्रालाही वाचता यावे

खरी मेख पुढे आहे. फोन बोलतो, पण त्याला वाचता येईल असा मजकूर हवा. नोट्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तर टॉकबॅकला ते फक्त एक चित्र असते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये किंवा जुन्या इनपेजमध्ये टाइप केलेला मजकूर कागदावर सुंदर दिसतो, यंत्राच्या तोंडून मात्र त्याचा अर्थहीन गोंगाट होतो. छापील पान कॅमेऱ्यासमोर धरून वाचून दाखवणारी मोफत ॲप्स आहेत. देवनागरी ती बऱ्यापैकी ओळखतात. उर्दूच्या नस्तालीक लिपीत मात्र अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात, तिथे ती अडखळतात. म्हणजे उर्दू माध्यमातील अंध मुलाची अडचण दुप्पट.

उपाय बिनखर्ची आहे. शिक्षकांनी नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून पाठवाव्यात किंवा धडा वाचून त्याचे रेकॉर्डिंग पाठवावे. यात आम्हीही दोषी आहोत. आमच्या अंकाची पाने फोटो काढून ग्रुपवर पाठवताना, हे कुणाला वाचता येणार नाही, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

कायदा अशा कामाच्या बाजूने आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढण्याची मुभा देणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मंजुरी देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्यात भारतीय भाषांतील पुस्तके अंध वाचकांना मिळतात.

दया नको, हक्क मागा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, हे कुटुंब ठरवू शकते. १८ वर्षांपर्यंत पुस्तके आणि सहायक साधने मोफत देण्याची तरतूदही त्यात आहे. ‘हिला घरी ठेवा’ असे म्हणण्याचा अधिकार कुठल्याही शाळेला नाही.

यासाठी पहिली पायरी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही नेत्रविभाग आहे. तपासणीचा आणखी एक फायदा असा की, ज्याला आपण ‘आंधळा’ म्हणतो त्या मुलाला कधी कधी थोडे दिसत असते. त्याला भिंग, मोठी अक्षरे किंवा पहिला बाक एवढेच हवे असते. काहींची शस्त्रक्रियाही होऊ शकते.

समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिने भत्ता मिळतो. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून गरजूंना काठी, ब्रेल साहित्य यांसारखी साधने मिळतात. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर ही कागदपत्रे दसऱ्याआधीच करून घ्यावीत. एकदा गाडी निघाली की सहा महिने मूल कोपीवर बसून राहते आणि वर्ष हातचे जाते.

हे सारे जुळून आले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या अंध मुलींच्या शाळेत त्या ब्रेल शिकल्या, पुढे संगणकावर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अभ्यास केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळूनही दृष्टी नसल्यामुळे त्यांना रेल्वेची सेवा नाकारण्यात आली. त्या पुन्हा बसल्या, १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या.

ऐकून शिकणे आपल्याला नवे नाही

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते शिकण्यासाठी आले, त्या प्रसंगावर सूरह अबस उतरली. जो शिकण्याची ओढ घेऊन आला आहे त्याच्याकडे आधी लक्ष द्या, हा तिचा धडा. पुढे हेच सहाबी मस्जिदीत अजान देत आणि प्रेषित (स.) बाहेर गेले असता मदीनेची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली. त्यांना कुणी घरात बसवून ठेवले नाही.

आपल्या समाजात अंध मुलाला हाफिज करण्याची रीत जुनी आहे आणि ती चांगली आहे. पण जे मूल पाऱ्यामागून पारे कानाने पाठ करते, ते इतिहास आणि विज्ञानही कानाने शिकू शकते. इजिप्तचे ताहा हुसैन लहानपणीच अंध झाले, कुरआन पाठ केला, अल-अजहरमध्ये शिकले, डॉक्टरेट मिळवली आणि १९५० मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. हिफ्ज ही सुरुवात असावी, शेवट नव्हे.

आपल्याला करता येईल असे

प्रत्येक मोहल्ल्यात टॉकबॅक शिकलेला एक तरुण असावा. मस्जिद कमिटीने जुम्याला एवढेच विचारावे, की आपल्या भागात शाळेबाहेर असलेले अंध मूल कुणाच्या घरी आहे का? जुना, चालू फोन कपाटात ठेवण्याऐवजी अशा घरी द्यावा. कुटुंब जकातीस पात्र असेल, तर आलिमांना विचारून जकातीतूनही फोन देता येईल का ते पाहावे. आणि फोन दिल्यावर निघून न येता, चार दिवस बसून शिकवावे.

त्या मुलीचा भाऊ आता रोज मगरिबनंतर तिला शिकवतो. जूनमध्ये शाळेत नाव घालायचे आहे. अम्मीची रस्त्याची भीती अजून गेलेली नाही, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही सोबत जाणार आहोत. वाचकहो, तुमच्याही मोहल्ल्यात असे एखादे दार असेल. ते ठोठावण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.