डबा एकाचा, झांकण दुसऱ्याचें

तुमच्या दप्तरांतील प्लॅस्टिकचा डबा काढून त्याचें झांकण लावून पाहा. टक् असा आवाज होऊन तें बसतें व आंतील आमटी सांडत नाहीं. हें इतकें नित्याचें झालें आहे कीं, त्यामागें किती जणांचा मेळ असतो हें आपल्या मनांतहि येत नाहीं. कित्येकदां आराखडा एकानें काढलेला असतो, पोलादी साचा दुसऱ्यानें कोरलेला असतो, आणि डबा व झांकण निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात.

कृति थोडक्यांत सांगतों. प्लॅस्टिकचे दाणे यंत्राच्या तापलेल्या नळींत वितळतात. तो रस मळसूत्राच्या जोरानें बंद साच्यांत भरतात. तेथें तो थिजला म्हणजे साचा उघडून वस्तु बाहेर काढतात. अमेरिकेंतील हायट बंधूंनीं १८७२ सालीं या जातीच्या पहिल्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत मळसूत्र नसून दट्ट्या होता.

खरी मेख आहे ती निवण्यांत. प्लॅस्टिक निवतांना आकसतें, आणि प्रत्येक जात निराळ्या प्रमाणांत आकसते. पॉलिप्रॉपिलीन शेंकडा सुमारें दीड, तर ए. बी. एस. शेंकडा सुमारें अर्धा. म्हणून साचा वस्तूपेक्षां तेवढा मोठा कोरावा लागतो. आतां समजा, शंभर मिलिमीटर रुंदीच्या डब्याचे व झांकणाचे साचे पॉलिप्रॉपिलीन धरून कोरले, आणि मागाहून झांकणास अधिक चकाकी यावी म्हणून कोणी ए. बी. एस. वापरलें. झांकण एक मिलिमीटर मोठें निघेल! तुमच्या पट्टीवरील सर्वांत लहान घर तेवढेंच असतें. पण आमटी सांडण्यास तें पुरे. येथें आराखडा चुकला नाहीं, कोरणाऱ्याचा हातहि चुकला नाहीं. बदललेला माल एकानें दुसऱ्यास कळविला नाहीं, इतकेंच. अशा साच्याची किंमत लाखांत जाते, व लहान कारखानदारानें ती पुष्कळदां कर्जानें उभारलेली असते.

म्हणून शहाणा व्यवस्थापक पोलादास हत्यार लागण्यापूर्वींच सर्वांस एकत्र बसवितो. जाडी सर्वत्र सारखी आहे ना, उभ्या बाजूंस वस्तु सुटण्यापुरता अंशभर उतार आहे ना, रस कोठून शिरेल, थंड पाणी कोठून खेळेल, हें तेथें ठरतें. यंत्र चालविणारा मनुष्य अशा बैठकींत बहुधा मागें बसतो व बोलत नाहीं. आमच्या मतें त्यालाच आधीं विचारावें. वस्तु साच्यांत अडकली तर ती उचकटण्याचे कष्ट त्याचेच असतात. ठरलेल्या आराखड्यावर तारीख व क्रमांक घालून जुन्या प्रती परत घेतात. भिंतीवर राहिलेला एक जुना कागद महिन्याचें काम वायां घालवूं शकतो.

कसबी कारागीर आणखी एक सावधगिरी बाळगतो. शंकेच्या जागीं तो पोलाद जरा अधिक राखतो, चांचणी घेऊन वस्तु मोजतो, आणि मग हवें तेवढेंच तासतो. तासणें सोपें, गेलेलें पोलाद वेल्डिंगनें भरून काढणें खर्चाचें, आणि त्याची खूण वस्तूवर उमटण्याची भीति निराळीच.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीनें १९५८ सालीं ज्या जोडविटेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, त्या वेळच्या विटा आजच्या विटांत बसतात. आणि आज त्या डेन्मार्कखेरीज हंगेरी, मेक्सिको व चीन येथेंहि होतात.

आतां डबा उलटा करा. तळाशीं त्रिकोणांत ५ हा आंकडा असल्यास तो पॉलिप्रॉपिलीनचा. झांकणावर कोणता आंकडा आहे, तेंहि पाहा.